बाराही महिने शाबान

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर निघाले होते. शिपायाने हाक मारली म्हणून परत फिरले. पलीकडे इम्तियाज होता, आमच्या शेजारच्या हमीदाआपांचा मुलगा, एके काळचा माझा विद्यार्थी. "बाई, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कशी, नेणार कधी... मी मात्र विचारलं, "इम्तियाज, तुमचा महिना कुठला चाललाय आता?" विचारलं आणि जीभ चावली. पण त्याला ते विचित्र वाटलं नसावं. तो म्हणाला, "शाबान, बाई. या वेळी खरा शाबान आहे." फोन ठेवून मी वर्गावर गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय शिकवायचं ते काही केल्या आठवेना. शेवटी मुलांना वाचत बसायला सांगितलं आणि घरी आले.

लग्न होऊन मी भिवंडीत आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आमच्या आणि आपांच्या घरांच्या मध्ये एक अरुंद बोळ, आणि त्यांच्या घरामागे त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. सुरुवातीला त्या खडखडाटाने मला झोप लागायची नाही. पुढे अशी सवय झाली, की शुक्रवारी लूम बंद राहिले की कानांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी दारात एक ठेंगणी, गोरी बाई उभी राहिली. "मी हमीदा, तुझी शेजारीण. वर्षभरात काही कमीजास्त झालं असंल तर माफ कर गो." मी गोंधळून गेले. मला येऊन महिनाही झाला नव्हता, आमची धड ओळखसुद्धा नव्हती. म्हटलं, "अहो, पण तुम्ही मला काही बोललाच नाहीत!" तर म्हणाल्या, "तेच तर. नवी सून आली नि मी बघायला आले न्हाय. माफ कर." आणि उभ्याच राहिल्या. मी 'माफ केलं' म्हणेपर्यंत त्या हलणार नाहीत हे मला जरा उशिरानेच कळलं. म्हटलं, तेव्हा कुठे आत येऊन पाणी प्यायल्या. गल्लीत सगळे त्यांना आपा म्हणायचे, त्या दिवसापासून मीही म्हणू लागले.

रमजानच्या आधीचा महिना शाबान, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रमजानचे रोजे सगळेच धरतात, पण आपांचं खरं काम आदल्या महिन्यात चालायचं. मागच्या वर्षी बाळंतपणात, आजारपणात सुटलेले रोजे त्या शाबानमध्ये भरून काढायच्या. मग गल्लीतल्या एकेका घरी जाऊन माफी मागायच्या. मनात अढी ठेवून रोजा धरला तर ती नुसती उपासमार, असं त्यांचं म्हणणं. आणि दुपारभर ओटीवर बसून गाठोडी बांधायच्या. आपल्याच लूमवरच्या कोऱ्या कापडात तांदूळ, डाळ, थोडा गूळ. कुणाचा नवरा गावाला गेलेला, कुणाचं लूमवरचं काम सुटलेलं, अशा घरांमध्ये ती गाठोडी जायची. मी एकदा विचारलं, रमजानमध्ये देतातच की सगळे. त्या म्हणाल्या, "रमजानमधी देणारे लई. त्याच्या आदल्या महिन्यात चुलीवर काय हाय ते कोन बघतं?"

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. त्यातलं एक गाठोडं रिक्षाने जवळच्या राहनाळ गावाला जायचं आणि संध्याकाळी जसंच्या तसं परत यायचं. दर वर्षी जायचं, दर वर्षी परत यायचं. विचारलं तर आपा म्हणायच्या, "घरात कुनी न्हाय वाटतं." पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायच्या. पत्ता चुकत असेल, असं समजून मी विषय सोडून दिला होता.

त्यांचे चांद्रमहिने दर वर्षी थोडे अलीकडे सरकतात. माझा पहिला शाबान वैशाखाच्या उन्हात आला होता, मग तो सरकत सरकत थंडीत आला. नव्वदचं दशक अर्धंअधिक उलटून गेलं होतं, आपांचे यजमान गेले होते, कारखाना इम्तियाज बघत होता. आणि एका भर पावसाळ्यात आपा माझ्या दारात आल्या. "वर्षभरात काही कमीजास्त झालं असंल तर..." मी हसून म्हटलं, "आपा, शाबानला अजून किती अवकाश आहे!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच डोकं फिरलंय. मी माफ केलं म्हटलं, त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. तेच वाक्य, तसंच उभं राहणं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयोमानाने असं होतं, आता हे वाढत जाणार. बाकीचं सगळं आपांच्या डोक्यातून हळूहळू निसटत गेलं, नातवंडांची नावं, रस्ते, जेवलो की नाही ते. राहिला तो फक्त शाबान. इम्तियाजने ओटीवर मोठं कॅलेंडर लावलं. आपा ते नीट वाचायच्या आणि म्हणायच्या, "चुकीचं छापलंय." त्या रोज रोजा धरायच्या आणि रोज विसरायच्या. त्यांची सून नसरीन, मुंबईची मुलगी, एकदा डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली, "बाई, मैं क्या करूँ? सकाळी म्हणतात माझा रोजा आहे, दुपारी म्हणतात मला उपाशी का ठेवलंस. जेवायला वाढलं तर दोन घासांवर रडतात, रोजा तोडलास माझा म्हणून." मौलानांनी सांगितलं, अशा माणसावर रोज्याची सक्ती नसते. पण हे आपांना कोण समजावणार? आणि खरा रमजान लागला की घरातले सगळे रोजे धरायचे, तेव्हा त्या आश्चर्याने विचारायच्या, "अजून शाबान चालू हाय, तुमी आताच का धरताय?" रमजान यायचा, ईद व्हायची, आणि आपा आपल्या तयारीतच...

गाठोड्यांचंही तेच. आता ती बाराही महिने बांधली जाऊ लागली. बायकांना ते कळलं, दुपारी दारात कुणी ना कुणी उभं असायचं. इम्तियाज आधी वैतागला, मग म्हणाला, "राहू दे. बांधताना ती शांत असते."

आणि मग एक दिवस आपांनी मला वेगळ्याच नावाने हाक मारली. माझा हात धरून म्हणाल्या, "रझिया, माफ कर गो. मी त्यांना सांगितलं तू तयार न्हाय. तू तयार होतीस." मी म्हटलं, आपा, मी रझिया नाही. त्यांना ऐकूच गेलं नाही. रोज तेच सुरू झालं. मी इम्तियाजला विचारलं. कारखान्याच्या दारात उभं राहून, जरा अवघडून, त्याने सांगितलं. रझिया म्हणजे त्याची फुफी, आपांची नणंद. तरुणपणी विधवा होऊन भावाकडे राहायला आली होती. कारखान्यातल्या एका उत्तरेकडच्या कारागिराने तिला रीतसर मागणी घातली. तो आपल्यातला नाही, लोक काय म्हणतील, म्हणून आपांनी मधल्या माणसाला परस्पर निरोप दिला, की रझियाच तयार नाही. तो गावाला निघून गेला. फुफीला सगळं कळलं ते नंतर. ती घर सोडून राहनाळला एका मावशीकडे गेली ती परत आली नाही. परत येणारं गाठोडं तिच्या दारातून यायचं.

म्हणजे वर्षानुवर्षं गल्लीतल्या घराघरात माफी मागणारी ही बाई जिथे जायला हवं होतं तिथे एकदाही गेली नव्हती. मला राग यावा की कीव, काही कळेना. आणि रोज दुपारी ती माझा हात धरून रडत होती. एक शब्द बोलले असते तर शांत झाली असती. पण तो शब्द माझा नव्हता. दुसऱ्या बाईच्या आयुष्याची माफी मी कुठल्या तोंडाने देऊ? मी पाणी द्यायचे, विषय बदलायचे, उठून यायचे.

शेवटी मी राहनाळला गेले. गोदामांच्या मागच्या चाळीत रझियाफुफी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. उंच, सडसडीत, जाड चष्मा. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी मशीन थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "आता भ्रम झाल्यावर माफी मागते व्हय? शहानी होती तवा राहनाळ लांब होतं काय?" चहा पिऊन मी परत आले, आणि आपण नको तिथे नाक खुपसलं असं वाटून दोन दिवस बेचैन राहिले.

पण शुक्रवारी त्या आल्या. लूम बंद होते, त्यामुळे दारातल्या चपलांचा आवाजही ओटीवर ऐकू आला. मी आपांजवळच होते. नसरीन त्यांना ओळखत नव्हती, पण इम्तियाजशी मिळत्या चेहऱ्यावरून समजली आणि डोक्यावरची ओढणी सावरत उठून उभी राहिली. आपांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांनी समोर उभी राहिलेली नणंद त्यांना ओळखू आली नाही. त्या नसरीनला म्हणाल्या, "कोन बाई हाय? उन्हातून आलीय, तिला बसव." आणि फुफी बसल्यावर आपल्या हाताने एक गाठोडं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या, माझा हात धरला, आणि खऱ्या रझियाच्या देखत मला म्हणाल्या, "रझिया, माफ कर गो. तू तयार होतीस..."

नसरीन तोंडाला ओढणी लावून आत गेली. मी फुफींकडे पाहिलं. त्यांनी पुढे व्हावं, सांगावं की मी इथे आहे, असं मला वाटत होतं. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "मी बोलले तर तिला पोचायचं न्हाय. तुमी बोललात तर ते माझं न्हाय." आणि मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सुटली होती ती पुन्हा मारू लागल्या. आपांची पकड घट्ट होत चालली होती. मला वाटतं फुफींनी मान हलवली. किंवा गाठ आवळताना ती नुसती हलली असेल. मी म्हटलं, "माफ केलं, आपा." आपांनी माझा हात सोडला आणि खाटेवर भिंतीला टेकून डोळे मिटले. फुफी उठल्या, निघाल्या... आणि ते गाठोडं बरोबर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी आपा सगळं विसरल्या होत्या. पुन्हा रझिया, पुन्हा माफी. पण फुफी दर शुक्रवारी येऊ लागल्या. का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आपांच्या लेखी त्या राहनाळची कुणी गरजू बाई होत्या. एकदा त्यांच्या देखतच आपा मला म्हणाल्या, "ही बाई लई सोसलेली दिसतेय. हिला जरा जास्त घाल." फुफी खुदकन हसल्या, आणि मग किती तरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

या थंडीत आपांना साधा ताप आला आणि त्यातच त्या गेल्या. रमजान दोन-चार दिवसांवर होता. ज्याची तयारी त्या इतकी वर्षं करत होत्या तो उंबऱ्याशी आला असताना गेल्या, की त्यांच्या लेखी तो अजून तेवढाच लांब होता, हे मला ठरवता येत नाही. मयतीला फुफी आल्या आणि नसरीनने त्यांना महिनाभर ठेवून घेतलं.

परवा संध्याकाळी, रोजा सोडायच्या वेळी, मी त्यांच्याकडे गेले. नसरीन आत भजी तळत होती. ओटीवर फुफी आणि मी दोघीच. त्यांनी एकाएकी विचारलं, "बाई, त्या दिवशी मी मान हलवली होती काय गो? तुमी बघत होतात."

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "मला नाही सांगता येत, फुफी."

"मना पन न्हाय," त्या म्हणाल्या.

अजान झाली. त्यांनी एक खजूर मला दिला, एक स्वतः घेतला. आपांची खाट ओटीवर अजून तशीच आहे, भली मोठी, चौघी बसतील एवढी. फुफी तिच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, पाय जमिनीवर, भिंतीकडची सगळी बाजू मोकळी ठेवून.