नाव छापलं नव्हतं

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी मिठबावजवळच्या एका वाडीत शाळामास्तरीण होते. मुंबईहून एक संशोधक आले. ज्यांचे नवरे मुंबईला नोकरीला आहेत, त्या बायकांच्या जगण्याचा त्यांचा अभ्यास होता. त्यांना मालवणी कळेना, म्हणून दुभाषी म्हणून मी सोबत फिरले.

शेवटचं घर शिवणकाम करणारीचं. सासू बाहेर खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. प्रश्न नवऱ्यावर आला तशी हिने मशीन थांबवलं आणि मला विचारलं, "बाईनू, ह्यां खंय छापूचे नाय ना?"

"नाव कुठेच येणार नाही," संशोधक म्हणाले. मी ते मालवणीत सांगितलं आणि वर स्वतःचं घातलं, "माझ्यार विश्वास ठेव गो."

तिने ठेवला. नवऱ्याने मुंबईत दुसरं घर केलं होतं. चार वर्षांत पत्र नाही. म्हातारीला धक्का बसू नये म्हणून तो बोटीवर आहे असं ती सांगत आली होती.

वर्षभराने पुस्तिका छापून आली. संशोधकांनी कौतुकाने एक प्रत गावच्या वाचनालयालाही पाठवली. त्यात लिहिलं होतं: 'गावात शिवणयंत्र असलेली एकमेव स्त्री, वृद्ध सासूसह राहते.' पुढे सगळी हकीकत. वाचनालयात कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या कानावर गेलं.

म्हातारीने मुलाला एका शब्दानेही बोल लावला नाही. "माझ्या झिलाची अब्रू काढलंस!" म्हणून सुनेलाच घराबाहेर काढलं. बैलगाडीत मशीन घालून ती माहेरी गेली.

मी संशोधकांना तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं. 'मजकुरात कोणाचेही नाव नाही. गुप्ततेचा नियम पाळलेला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' आभार! मी तो कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला, पुन्हा वाचला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, याचाच जास्त संताप आला. छापण्याआधी एकदा मला दाखवलं असतं तर ती शिवणयंत्राची ओळ मी तिथल्या तिथे खोडली असती. पण दाखवा म्हणून मी तरी कुठे सांगितलं होतं?

सुट्टीत तिच्या माहेरी गेले. माफी मागायची होती, पण त्याआधी तीच म्हणाली, "तुमी माझा नाव नाय छापलात. माझा घर छापलात." मग चहा दिला. गुळाऐवजी साखर घातली होती, तेही मला सोसलं नाही.

पुढे आणखी एक संशोधक फॉर्म घेऊन शाळेत आला. मी म्हटलं, "लिहून झालं की आधी त्या बायांना वाचून दाखवाल का?" तो हसला. "बाई, तसं केलं तर अभ्यास संपायचाच नाही."

मी सोबत गेले नाही. त्याने दुसरी दुभाषी शोधली. दोन दिवसांत मिळालीसुद्धा.