पडवीतली बुद्धी

"तिथंच. पायरीवर ठेव गठ्ठा, आणि मागं सर."

हेडमास्तर मला हे म्हणाला तेव्हा मी बी.ए., बी.टी. होतो. एम.एड.ला नाव घातलेलं होतं. अंगात इस्त्रीचा कोट, काखेत प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. लढाईचे दिवस. कागद मिळत नव्हता. जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर मी त्या पत्रिका एकेक करून हातानं उतरवल्या होत्या. बोटाला घट्टा पडला होता.

गठ्ठा पायरीवर ठेवला. मागं सरलो. मग त्यानं तो उचलला. वर माझ्या प्रोफेसरांचं पत्र होतं. ते त्यानं वर्गाच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'पत्र घेऊन येणारे गृहस्थ माझ्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत आहेत.'

"गृहस्थ," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "कुठला रे तू?"

"नवलाख उंबरे."

"उंबऱ्यात कुठं?"

मी सांगितलं. सांगावंच लागलं. तो वर्गाकडं वळला.

"पोरांनो, म्हारवाड्यातनं गृहस्थ आलेत."

सगळा वर्ग हसला. दहा-बारा वर्षांची पोरं. मी त्यांची बुद्धी मोजायला आलो होतो.

गाव पवन मावळातलं, बेडश्याच्या वाटेवरचं. नाव लिहीत नाही. ज्या पोरांची ही गोष्ट आहे त्यांची भावंडं अजून त्याच शाळेत जातात.

माझा विषय होता मावळातल्या शाळकरी मुलांचं बुद्धिमापन. कागद वाचवायचा म्हणून पत्रिकेवर नुसते शब्द आणि आकृत्या होत्या. काय करायचं ते वाचणाऱ्यानं तोंडी सांगायचं, एक उदाहरण फळ्यावर करून दाखवायचं. चार शब्द दिलेत, त्यातला जो बसत नाही त्याच्याखाली रेघ मारा. अशी एकेक सूचना. ती ऐकली नाही तर कागद म्हणजे नुसती चिंधी.

सूचना मी वाचणार होतो. हेडमास्तर म्हणाला, "तू आत आलास तर उद्या शाळा ओस पडेल. वाचीन मी. तू अंगणात थांब, घड्याळ बघ, वेळ संपली की हात वर कर. मधे बोलायचं नाही."

मी अंगणात थांबलो. तिथून मला पडवी दिसत होती. पडवीत पाच पोरं, घरून आणलेल्या पोत्यांवर, भिंतीला पाठ लावून. आमचीच पोरं. फळा आत. हेडमास्तरचा आवाज आत. पोरांना दिसत होती ती दाराची चौकट. त्यांच्यात एक मुलगी होती, ठकी. पेन्सिल हातात धरून ती माझ्याकडं बघत होती. काय करायचं, असं डोळ्यांनी विचारत होती. तिच्यापासून मी दहा पावलांवर होतो. सूचना मीच लिहिलेल्या, मला तोंडपाठ.

मी बोललो नाही. वेळ संपल्यावर हात वर केला. हे मी आधी लिहून ठेवतो. वाचलं त्यानं, पण गप्प राहिलो मी.

ठकीचा कागद कोरा आला.

माझा बाप रेल्वेत गँगवर होता, खंडाळ्याच्या घाटात. त्यानं रूळ सावरले आणि मला पुण्याच्या वसतिगृहात ठेवलं. शिकलो, मास्तर झालो. लोणावळ्यात आमच्या पोरांसाठी वेगळी शाळा होती, तिथं शिकवू लागलो. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या एका मोठ्या प्रोफेसरनं मला एम.एड.ला घेतलं तेव्हा आमच्या वस्तीत गूळ वाटला. प्रोफेसर सुधारक. सभेत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा हरिजन संशोधक." टाळ्या पडायच्या. खांद्यावर हात मात्र सभेतच. त्यांच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यावर मी कागद घेऊन जायचो तेव्हा व्हरांड्याच्या खाली उभा राहायचो. ते वरून सांगायचे, "मी स्वतः मानत नाही. पण घरात सोवळं आहे. तू समजून घे."

मी समजून घ्यायचो. दोन वर्षं समजून घेतलं.

त्या गावचे कागद तपासले, गुणांची यादी नियमाप्रमाणे शाळेला धाडली आणि कागद प्रोफेसरांना दाखवले. आमची पाचही पोरं तळाला. प्रोफेसरांचा चेहरा खुलला.

"अपेक्षेप्रमाणेच. लिही, या वर्गात बुद्धी उपजतच कमी आढळते. तुझ्या हातून हे सिद्ध झालं, याला फार किंमत आहे. आम्ही लिहिलं असतं तर लोक पक्षपात म्हणाले असते."

मी म्हणालो, "सर, ती पडवीत होती. त्यांना ऐकू आलं नाही."

"शास्त्रात भावनेला जागा नाही," ते म्हणाले.

मी खाली बघितलं आणि परत आलो. लिहायला बसलो. खरं सांगतो, पहिली दोन पानं लिहिलीही. सुंदर अक्षरात. पदवी मला हवी होती. फार हवी होती.

आठ दिवसांनी ठकीची आई माझ्या शाळेत आली. पायी, पवनेच्या काठापासून लोणावळ्यापर्यंत. शाळेच्या दारात बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

"भाऊ, तुमीच का ते कागदवालं मास्तर?"

"व्हय, मावशी."

"माज्या ठकीला शाळंतनं काडलं. हेडमास्तर म्हनला, सरकारी परीक्षा झाली, तुजी पोर मठ्ठ हाय, कागदावर ठरलंय. हितं बसवून काय करू, शेरडं राखायला पाटव." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यातलाच मास्तर व्हता म्हनला. त्यानंच लिवलंय."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"ती पोर घरी जमिनीवर कोळशानं लिवती भाऊ. समदी अक्षरं येत्यात तिला. मंग मठ्ठ कशी?"

"मठ्ठ नाही ती."

"मंग तुमी लिवलं कशापायी?"

हेडमास्तर मला गृहस्थ म्हणून हसला होता, त्यानं माझं कातडं सोललं होतं. पण या बाईच्या प्रश्नानं आतलं हाड मोडलं. माझ्या बोटाला घट्टा पडेपर्यंत मी जे कागद केले, त्यांची हेडमास्तरनं काठी केली आणि माझ्याच हातानं आमच्याच पोरीच्या पाठीत घातली. ती गेल्यावर मी लिहिलेली दोन पानं फाडली. चुलीत घातली. त्या दिवसापासून मी पदवीसाठी शिकलो नाही. सूड घ्यायला शिकलो.

सूड पद्धतशीर घ्यायचा असतो. संशोधन मला तेवढं तरी शिकवून गेलं.

दुसऱ्या एका गावात मुलाणी म्हणून मास्तर होते. वयस्क माणूस, दाढी पांढरी. त्यांना मी म्हणालो, मला सगळी पोरं एकत्र बसवायचीत, आणि सूचना मी वाचणार. ते थोडा वेळ दाढी खाजवत बसले.

"गाव वरडंल," ते म्हणाले.

"ओरडेल."

"वरडू द्या. लय वरसं मला बी हे करायचं व्हतं. निमित्त घावत नव्हतं. आता युनिव्हर्सिटीचा कागद हाय म्हनून सांगतो."

शाळेबाहेर आंब्याखाली त्यांनी सतरंज्या टाकल्या. पाटलाचं पोर, त्याच्या शेजारी आमचं, त्याच्या शेजारी त्यांचा स्वतःचा नातू. मी मधे उभा राहिलो. फळा झाडाला टेकवला. प्रत्येक सूचना दोनदा वाचली, नियमात होती तशी.

कागद तपासले. आमची पोरं वर होती, मधे होती, खालीही होती. इतर सगळ्यांसारखी विखुरलेली. मी ते आकडे रात्रंदिवस बघत बसलो नाही. एकदाच बघितले आणि पुढचं ठरवलं.

पुढचं प्रोफेसरांनीच माझ्या हातात दिलं. मे महिन्यात तुंगार्लीचे बंगले पुण्या-मुंबईच्या लोकांनी भरले. प्रोफेसर म्हणाले, तुलनेसाठी वरच्या थरातली मुलं हवीत. आसपासच्या बंगल्यांतली आठ-दहा पोरं त्यांनी आपल्या हॉलमध्ये जमवली. त्यांचा नातूही त्यात. दहा वर्षांचा, चष्मेवाला, हुशार पोरगा.

प्रोफेसरांच्या पत्नी दारात आल्या. माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो आत यायचा नाही हं. आज देव्हाऱ्यात पूजा मांडलीय."

"मुलं बाहेर बसतील का?" मी विचारलं.

"उन्हात?" बाई म्हणाल्या.

म्हणून ठरलं ते असं. मुलं हॉलमध्ये. मी अंगणात, खिडकीखाली. सूचना तिथूनच वाचायच्या. प्रोफेसर हॉलमध्ये आरामखुर्चीत, पेपर वाचत. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मीही हरकत घेतली नाही. नेहमीच्या आवाजात, नियमाप्रमाणे, प्रत्येक सूचना दोनदा वाचली. वारा होता. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी मोटार सुरू करत होतं. आत पोरं एकमेकांना विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला.

हो, मला ते ऐकू येत होतं. हो, मला आनंद होत होता.

प्रोफेसरांनी कागद तिथंच चाळायला घेतले. दुसऱ्या कागदावर थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला. नातवानं ज्या शब्दांखाली रेघा मारायच्या नव्हत्या, नेमक्या त्याच सगळ्यांखाली मारल्या होत्या. बाकीच्यांनी काही सोडलं होतं, काही उलटं केलं होतं. माझ्या आंब्याखालच्या पोरांपेक्षा ही सगळी पोरं खाली होती.

प्रोफेसर कागद टेबलावर टाकून व्हरांड्यात आले. "ही कसोटी धरायची नाही. परिस्थिती योग्य नव्हती. मुलांना ऐकूच गेलं नाही."

"पडवीतल्या पोरांनाही गेलं नव्हतं, सर."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी चष्मा पुन्हा काढला. मग म्हणाले, "वाद घालू नकोस. हे कागद इथंच राहतील. उद्या मी स्वतः आत बसून वाचून घेईन."

तेव्हा मी पायऱ्या चढलो. तीन पायऱ्या होत्या. दोन वर्षांत मी त्या मोजल्या नव्हत्या, चढताना मोजल्या. व्हरांडा ओलांडला. हॉलमध्ये गेलो. एक खुर्ची ओढून तिच्यावर बसलो. नातवासमोर कोरी पत्रिका ठेवली आणि म्हणालो, "बाळ, चार शब्दांतला जो बसत नाही, त्याच्याखाली रेघ मार."

पोरानं पेन्सिल उचलली. एकामागून एक रेघा मारत गेला. एकही चुकली नाही. मग वर बघून म्हणाला, "हे तर सोपं आहे! मगाशी का नाही सांगितलं?"

"आजोबांना विचार," मी म्हणालो.

आतून बाईंचा आवाज आला. "अहो, तो आत बसलाय! खुर्चीवर बसलाय!"

प्रोफेसर दारात उभे होते. सभेतला माणूस कुठं गेला कोण जाणे. "बाहेर हो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. तू माझ्यामुळं इथवर आलास, विसरू नकोस."

"होतो बाहेर. आधी वेळ लिहून घेतो."

पोराच्या दोन्ही कागदांवर मी वेळ लिहिली. कुठं बसून वाचलं तेही लिहिलं. सगळे कागद पिशवीत घातले. त्यांनी हात पुढं केला.

"कागद दे. नाहीतर प्रबंधावर माझी सही होणार नाही."

"नको तुमची सही."

पायऱ्या उतरलो. मागं बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला. खुर्ची धुतली असेल. धुवू दे. त्यांच्या नातवाच्या तोंडचं वाक्य कसं धुणार?

सही झाली नाही. मी बेशिस्त आणि कृतघ्न असल्याचं पत्र कॉलेजात गेलं. महिन्याभरात माझी बदली तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. कुणाच्या सांगण्यावरून, ते कुणी कळवलं नाही. मुलाणी मास्तरांना गावानं सहा महिने दूध दिलं नाही. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "बिनदुधाचा चा बी ग्वाड लागतो. तुमी तुमचं लिवा."

बदलीच्या गावी जायच्या आधी ठकीला शोधायला गेलो. शेरडं नव्हती राखत ती. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी कागद काढला. म्हणालो, "ठके, मी वाचतो, तू लिही. आता नीट ऐकू येईल."

तिनं हात मागं घेतले.

"नगं. त्या कागदानं माजी शाळा गेली."

आणि पुन्हा हातोडी उचलली. मी समोर उभा. ती वर बघेना. मी कागद घडी करून खिशात घातला. तिची माफी मागितली नाही. मागायची लायकी नव्हती.

आता मी मुंबईच्या एका प्राध्यापकाकडं पुन्हा नाव घातलंय. तो माझी जात विचारत नाही, पण तो भला आहे की भित्रा, ते सही करताना कळेल. नाही केली तर तिसरा शोधीन. विषय बदललाय. आता मुलं मोजत नाही. शाळा मोजतोय. कोणतं पोर कुठं बसतं, तिथून फळा दिसतो का, त्याचा कागद कोण उचलतं, त्याला नापास कोण करतं आणि कोणत्या तोंडानं. मावळातल्या एकेका शाळेत जातोय. हेडमास्तर अडवतात. मी अंगणात बसून नकाशा काढतो. अडवलं, हेही लिहितो. अडवणाऱ्याच्या सहीसाठी वही पुढं करतो. बरेच जण तेव्हा घाबरतात. घाबरू देत.

प्रोफेसरांचं नाव प्रबंधात येणार आहे. आभारात नाही, पुराव्यात. पूर्ण नाव, सगळ्या पदव्यांसकट, आणि त्यांनी उच्चारलेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं. नातवाचं नाव गाळलंय. पोराचा गुन्हा नव्हता. हेडमास्तरचं घालणार. लोक म्हणतात, झालं गेलं सोड, पदवी घे, पुढं जा. ठकी कुठं पुढं गेली?

मी सोडणार नाही. एकालाही.