वेणूअक्का आणि माझी पहिली नोकरी

वेणूअक्का आज सकाळी गेली.

ती नसती तर मी नोकरी केलीच नसती. पुण्याला आले नसते. तुम्हा मंडळींची आणि माझी ओळखही झाली नसती.

कुंभकोणमला आमच्या रस्त्यावर मराठी बोलणारी मोजकी घरं होती. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात आलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

अक्का शेजारच्या घरात राहायची. नात्यातली नव्हे, पण सगळ्या रस्त्याची अक्का. वडील अचानक गेले म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, आणि तिथेच रमली. हेडसेटमुळे तिचे केस एका बाजूला कायम दबलेले असायचे. गजरा ती दुसऱ्या बाजूला माळायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मॅथ्समध्ये बीएस्सी झाले. फर्स्ट क्लास.

मद्रासच्या एका कंपनीत पहिला इंटरव्ह्यू. त्यांनी विचारलं, टेल अस अबाउट युअरसेल्फ.

तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

समोरच्या भल्या माणसाने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले, थँक्यू म्हणाले आणि उठून बाहेर आले.

घरी येऊन जाहीर केलं की आता मी कुठेही जाणार नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं असावं. तंजावरच्या एका स्थळाचं बोलणं सुरू झालं, आणि मीही ते होऊ दिलं.

त्या रविवारी अक्का आमच्या ओसरीवर येऊन बसली. माझा विषयच काढला नाही. एक्स्चेंज ऑटोमॅटिक होणार म्हणाली. ऑपरेटरांना टेबलावरची दुसरी कामं मिळतील, पण तिला कम्प्युटर शिकायचा होता.

ती अप्पांना म्हणाली, "अण्णा, या वयात त्या पोरांमध्ये एकटी कशी बसू? हिला माझ्याबरोबर पाठवा."

अप्पांना नाही म्हणता आलं नाही, आणि स्थळाचं बोलणं लांबणीवर पडलं.

हा माझ्यासाठी रचलेला बहाणा आहे, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी क्लासच्या जिन्यात तिने माझा हात धरला, तेव्हा तिचा तळवा घामाने ओला झाला होता. ती खरोखरच घाबरली होती.

क्लास पितळी भांड्यांच्या दुकानावर होता. खाली ठोकाठोक, वर थंडगार एसी. चपला बाहेर काढून देवळात शिरावं तसं आत जायचं. आमचे सर अक्काच्या निम्म्या वयाचे.

मला पटापट जमायला लागलं. अक्काला नाही.

पण तिला काही समजलं नाही की ती सरळ हात वर करायची. "पुरियलै सार, तिरुप्पि सोल्लुंगो." कळलं नाही सर, परत सांगा. पोरं हसायची. सर परत सांगायचे. तरीही नाही कळलं तर हात पुन्हा वर.

कळलं नाही म्हणायला मी लहानपणापासून घाबरत होते. ही बाई रोज म्हणत होती, आणि तिचं काहीही बिघडत नव्हतं.

मग तिने माझ्या इंग्लिशचं मनावर घेतलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. तेव्हा रिसीव्हर उचलला की आधी ऑपरेटरचा आवाज यायचा. दुपारी एक्स्चेंजमध्ये काम कमी असलं की मी तिथून अक्काला मागून घ्यायची, आणि ती कंपनीची मॅनेजर व्हायची. हे अर्थातच खात्याच्या नियमात बसत नव्हतं.

"व्हाय शुड वुई टेक यू, मिस?"

खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं बाजूला उभी, आणि मी घामाघूम होऊन फोनवर स्वतःचे गुण सांगतेय. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता. हळूहळू फुटला. पुढे पुढे दुकानदारच नवे प्रश्न सुचवायला लागले.

पेपरमध्ये पुण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची जाहिरात आली. अप्पा म्हणाले, एवढ्या लांब नको. मी म्हणाले, आपली मराठी पुण्यात चालणार नाही, लोक हसतील.

अक्का म्हणाली, "हसतील. हसूं दे. तूं बोलत राहा."

लोक हसले. मी 'सगळे' ऐवजी 'असकी' म्हणायची, आमच्याकडे तसंच म्हणतात. पण ते पुढचं.

पुण्याच्या इंटरव्ह्यूत दुसरा प्रश्नच माझ्या डोक्यावरून गेला. मी म्हणाले, सर, आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज रिपीट.

त्यांनी रिपीट केला. एवढंच. मग मी उत्तर दिलं.

नोकरी लागली. स्टेशनवर सोडायला अप्पा आले, आणि ड्यूटी बदलून अक्काही. अप्पा गाडी हलेपर्यंत तिच्याशीच बोलत होते, माझ्याशी बोलले असते तर रडू आलं असतं म्हणून.

नव्वदच्या दशकात एकदा दिवाळीला घरी गेले होते, तेव्हा तिच्या ऑफिसात डोकावले. एक्स्चेंजचा जुना बोर्ड गेला होता. अक्का काउंटरवर, पुढ्यात कम्प्युटर, समोर भली मोठी रांग. टायपिंग अजूनही दोन बोटांनी, पण थांबत नव्हती. शेजारी नवीन लागलेली एक मुलगी भेदरून बसली होती.

अक्काने मला आत बोलावलं आणि त्या मुलीला सांगितलं, "ही माझी क्लासमेट."

गुरू नाही, मोठी बहीण नाही. क्लासमेट.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण नुकतेच कामाला लागले असतील, काही अजून शोधत असतील. भीती जायची वाट बघत बसू नका. अक्काचीही गेली नव्हती. ती कुणाचा तरी हात धरून जिना चढली, आणि मलाही वर घेऊन गेली.

उद्या मी कुंभकोणमला निघतेय.

अक्का, साष्टांग नमस्कार. सुखाने जा.