माशीमांचा अभिमान

माझी एक आत्या होती नगरला. तिला देव सारखा काहीतरी सांगायचा. आज मेथी नको, शेपू घे. अमक्यांकडे आत्ता जाऊ नकोस, त्यांच्याकडे भांडण चाललंय. आम्ही भावंडं तिच्या पाठीमागे हसायचो. मी तर तोंडावर विचारायचे, "आत्या, देवाला दुसरी कामं नाहीत का गं?" ती चिडायची नाही. म्हणायची, "तुला सांगेल तेव्हा कळेल. आणि सांगेल ना, तेव्हा वाद घालत बसू नकोस. तुझी जीभ फार लांब आहे."

जीभ लांब आहे ही गोष्ट खरी. ती बँकेत कामाला आली, लग्नाच्या बाजारात नाही. नोकरीच्या अगदी शेवटाला बँकेने मला कोलकात्याला टाकलं तेव्हाही मी साहेबांना दोन शब्द सुनावून घेतले आणि मग निमूट सामान बांधलं. बालीगंजला फ्लॅट मिळाला. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि मी.

मराठी माणसं इथे आहेत. एका संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, मी गेले. तिळगूळ घेतला, कुंकवाला नको म्हटलं. एक बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? आडनावावरून वाटलं नाही हो! मग मराठी कशा काय?" मी म्हटलं, "जन्मल्यापासून." त्या भल्या बाई होत्या, त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण पुढच्या वेळी मीच कारण काढून टाळलं. चर्चमध्ये उलटी तऱ्हा. तिथे ख्रिस्ती असण्यात नवल नव्हतं, पण मराठी म्हणजे नक्की कोण हे कुणाला सांगता सांगता नाकी नऊ यायचे. पहिल्या रविवारी सवयीने सगळ्यांना "सलाम" केला, तर लोक मागे वळून बघायला लागले. आमच्याकडे नगरला देवळातून, म्हणजे चर्चमधूनच, बाहेर पडताना एकमेकांना सलाम करतात, हे तिथे कुणाला ठाऊक असणार! ना घरची ना घाटची, अशी माझी गत.

त्याच रविवारी एका म्हाताऱ्या बाईंनी बाकावरची आपली पर्स उचलली, मांडीवर घेतली, सरकल्या आणि म्हणाल्या, "एशो." ये. बस.

त्या माशीमा. सगळेच त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही. बागबाजारला एकट्या राहायच्या. उपासना संपली की मला ओढून घरी जेवायला न्यायच्या. त्यांचं हिंदी ऐकून मला हसू यायचं, माझं बंगाली ऐकून त्यांना. जेवताना त्यांचा ठरलेला विनोद असे. मराठे बंगालवर चालून यायचे, त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि त्या बर्गींना अडवायला शहराने जो खंदक खणला तो म्हणे बागबाजारपासूनच सुरू व्हायचा. "एवढा खंदक खणला," माशीमा माझ्या पानात कारल्याची भाजी वाढत म्हणायच्या, "आणि ही बर्गी बघा, सरळ स्वयंपाकघरात!" कोलकात्यात मला एवढं एकच माणूस होतं. रविवार गेला की मी पुढच्या रविवारची वाट बघायचे.

मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, एकदा उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचाल का? बंगालीत. मी हो म्हणून बसले. माशीमांना आश्चर्याचा धक्का द्यायचा असं ठरवलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून जेवणाच्या सुट्टीत उच्चार घोटून घेतले. वाचलं. अडखळले थोडी, पण वाचलं. बाहेर सगळ्यांनी मला घेरलं, कुणी शिकवलं म्हणाले, आणि मी मोठ्या आवाजात त्या सहकाऱ्याचं कौतुक केलं. माशीमांना शोधलं तर त्या निघून गेल्या होत्या. गुडघे दुखत असतील, म्हटलं.

संध्याकाळी फोन केला. कसं झालं, विचारलं. त्या म्हणाल्या, "तोमार ओपोर आमार खूब ओभिमान होयेछे." आणि फोन ठेवला.

अभिमान! तुझा मला खूप अभिमान वाटला! काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. आई गेल्यापासून हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. धाकट्या बहिणीला पुण्याला फोन करून सांगितलं, तिला ऐकायचं होतं त्याच्या दुप्पट सांगितलं.

पुढच्या रविवारी माशीमा आल्या नाहीत. गुडघे. आठवड्यात फोन उचलला नाही. झोपल्या असतील. मला काळजी वाटली नाही, कारण अभिमान वाटणारं माणूस आपल्यावर खूश असतं, एवढंच मला ठाऊक.

शनिवारी दुपारी मी मटार सोलत बसले होते. आणि मनात आलं, जा. आवाज वगैरे काही नाही हो. नुसतं जा. कुठे, तेही माहीत होतं. मी म्हटलं, उद्या रविवारच आहे, भेटतीलच. जा. उन्हाचं? जा. न कळवता जाणं बरं दिसतं का? जा. जन्मभर बँकेत घालवलेली बाई मी. कारण लेखी द्या, वरच्या साहेबांची सही आणा, मग बघू. मी मटार सोलत राहिले, आणि दाणे सालींत अन् सालं दाण्यांत टाकत राहिले. मग आत्या आठवली. वाद घालू नकोस. "बरं बाई, जाते!" मी मोठ्याने म्हणाले, भिंतीला, आणि चपला घातल्या.

बस, मग मेट्रो, मग श्यामबाजारपासून पायी. वाटेत तीनतीनदा वाटलं, हा वेडेपणा आहे, परत फिरावं. फार तर काय, एक दुपार वाया जाईल. तशाही माझ्या दुपारी कुठे कामी लागत होत्या!

माशीमांनी दार उघडलं. मला बघितलं आणि आत वळल्या. पॅसेजमध्ये दोन बॅगा बांधून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, लाजल्या. मी मागोमाग गेले आणि माझ्या सगळ्यात चांगल्या बंगालीत म्हटलं, "माशीमा, आमारो तोमार ओपोर खूब ओभिमान." मलाही तुमचा खूप अभिमान वाटतो.

त्या गर्रकन वळल्या. "तोमार? केनो?" तुला? का म्हणून? आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझा सगळा उत्साहच गळाला.

"का म्हणजे?" मी हिंदीवर आले. "तुम्ही किती प्रेमळ आहात. तुमच्याबद्दल गर्व वाटतो मला. तुम्हाला माझ्याबद्दल वाटला तसा."

"गोर्बो?" माशीमा म्हणाल्या. "ओभिमान म्हणजे गोर्बो?"

मग त्या पलंगावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. हळूहळू मला उमगत गेलं. बंगालीत ओभिमान म्हणजे रुसवा. मन दुखावणं. आणि त्यांचं मन दुखावलं होतं मी. आयुष्यभर त्यांनी संडे स्कूलमध्ये मुलांना वाचायला शिकवलं, चर्चमध्ये पहिल्यांदा वाचणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यासमोर वाचून जायचा, आणि त्यांची बर्गी मात्र शिकायला ऑफिसात गेली. हात्तिच्या! आणि मी हे साऱ्या पुण्याला सांगून बसले होते.

"आणि या बॅगा?" मी विचारलं.

मुलगा न्यायला आला होता. बंगळूरला. गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि मग तिथेच, त्याच्याजवळ. उद्या सकाळचं विमान.

"न सांगता जाणार होतात तुम्ही?" माझा आवाज चढला. "मी उद्या चर्चमध्ये येऊन त्या बाकावर बसले असते, वाट बघत!"

"हो," त्या म्हणाल्या. "परक्या माणसावर राग येतो. ओभिमान आपल्याच माणसावर. तो येईल, विचारील, म्हणून तर दार लावून बसायचं."

"आणि नाहीच आला तर?"

"तर बसून राहायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं ये म्हणून?"

देवाने, असं म्हणायला माझी जीभ आयुष्यात प्रथमच आखूड पडली. तरी म्हटलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. "त्याला मी सांगून ठेवलं होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी काही बोलावणार नाही. तुला तिला पाठवायचं असेल तर पाठव."

मग त्यांनी मला तोच शास्त्रपाठ वाचायला लावला. 'स' आला की थांबवायच्या. आमच्याकडे 'श' म्हण, गं. पुन्हा. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच वाचत होतो.

त्या बंगळूरला गेल्या त्याला बराच काळ झाला. मी निवृत्त झाले तरी इथेच आहे. नगरला तरी आता कोण आहे माझं? सुरुवातीला फोन व्हायचे. आता त्यांना ऐकू कमी येतं, मी ओरडते, त्या "हो, हो" म्हणतात आणि मला कळतं की काही पोचलेलं नाही.

उपासनेला मी त्याच बाकावर बसते. पुष्कळ दिवस शेजारच्या जागेवर मी माझी पर्स ठेवायचे. कुणी बसू नये म्हणून. आणि प्रार्थनेत देवाला स्पष्ट सांगायचे, माझा तुझ्यावर अभिमान आहे, बंगालीतला. एकच माणूस दिलंस, तेही नेलंस. मी काही बोलायची नाही, ये तूच.

एका रविवारी, पहिलं गाणं सुरू असताना, मनात आलं, पर्स उचल. मी म्हटलं, का म्हणून? दारात तर कुणी नाही. उचल. मी वाद घातला नाही. पर्स मांडीवर घेतली आणि सरकले.

त्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पर्स अजून मांडीवरच असते.