आधी सांग, मंग हात लाव

हाताचा पंजा उभा धरून काकू म्हणायच्या, "थांब. आधी सांग, मंग हात लाव." कूलर दुरुस्त करणाऱ्याला, गॅसची नळी बदलायला आलेल्याला, सगळ्यांना हेच. कूलरवाला पाना घेऊन ताटकळायचा आणि काकू समोर स्टूल टाकून मोटर कशाने जळते ते आधी समजून घ्यायच्या. समजलं की चहा मांडायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या घरी यायला मिस्त्री कंटाळतात. मी त्यांच्या समोरच राहते. एकदा त्यांच्या खांद्यावरची अळी मी झटकली, तर म्हणाल्या, "बेस केलं, पण आधी सांगाव ना बाप्पा."

पोटदुखी वाढली तेव्हा मुलाने त्यांना यवतमाळातल्याच एका खासगी दवाखान्यात भरती केलं. दिवसा सोबतीला मी बसायचे. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मुलाला केबिनमध्ये बोलावलं. तो बाहेर आला तो तोंड धुऊनच. मला म्हणाला, "कॅन्सर हाय. आईले सांगू नका."

मग जे सुरू झालं त्याचा मला अजून वीट येतो. काकूंची बाभुळगावची बहीण आली, म्हणाली, "गॅस हाय बाई, गॅस." सून म्हणाली गॅस, नर्स म्हणाली गॅस. सगळे काकूंच्या पायाशी बसून हसतमुखाने खोटं बोलायचे आणि व्हरांड्यात जाऊन डोळे पुसायचे. याला आपल्याकडे माया म्हणतात.

दवाखाना तर त्याच्याही वरताण. राउंडला डॉक्टर यायचे, मागे शिकाऊ मुलं. बाईशी एक शब्द नाही. पांघरूण ओढायचं, साडी खाली सारायची, पोट दाबायचं, इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. मध्ये पडदा नाही. समोरच्या बाईचा नवरा डबा खाता खाता सगळं बघायचा. शेजारची म्हातारी तर डॉक्टर दिसले की आधीच डोळे मिटून घ्यायची. फिनेलच्या वासाची सवय होते. या प्रकाराची मला शेवटपर्यंत शिसारीच येत राहिली.

एका सकाळी काकूंचं पांघरूण ओढलं गेलं आणि पंजा उभा राहिला.

"थांब. आधी सांग, मंग हात लाव."

डॉक्टर हसले. "आजी, तुमच्या मुलाला सगळं सांगितलंय."

"पोट त्याचं हाय काय?"

"उद्या ऑपरेशन करायचंय. त्याने सहीसुद्धा केली आहे."

"मी मेली काय, त्यानं सही कराले?"

मागचा एक मुलगा फिसकन हसला. नर्स म्हणाली, "मावशी, डॉक्टरले असं बोलत नसते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तो बोर्ड वाच."

दाराशी रुग्णांच्या हक्कांचा बोर्ड होता. त्याच्या खिळ्यांना सगळ्यांच्या डब्यांच्या पिशव्या टांगलेल्या, आमचीही. मी पिशव्या काढल्या आणि मोठ्याने वाचलं. आजार काय आहे ते रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावं. तपासताना आडोसा असावा. उपचाराला हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क रुग्णाचा.

"ते नियमाप्रमाणे लावावं लागतं," डॉक्टर म्हणाले. किती सहज म्हणाले!

"लावलं हाय ना, मंग पाळ बापू," काकू म्हणाल्या.

सगळा वॉर्ड बघत होता. नर्सने आणि मी आडोशाला चादर ताणून धरली. डॉक्टर नाइलाजाने स्टुलावर बसले आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या काकूंच्या मुलाकडे पाहिलं.

"त्याच्याकडं नको पाहू. माह्याकडं पाह्य."

मग अडखळत, मराठीत, त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, पसरला आहे. ऑपरेशन करून अन्न जायला वाट करून देता येईल, रोग जाणार नाही. मुलगा दारातच हुंदके देऊ लागला. काकूंनी त्याला हातानेच थोपवलं आणि डॉक्टरांना विचारलं,

"दुखणं कमी कराची दवाई घरी घेता येते?"

"येते."

"मंग मले घरी नेऊन द्या. कापाकापी नाही." आणि पदर सारखा करून डॉक्टरांना म्हणाल्या, "आता दाब पोट. आता चालते."

घरी आल्यावर मुलाला त्या एकदाच बोलल्या, "खोटं बोलाले तुले म्या तं नाही शिकवलं." बाभुळगावच्या बहिणीला बोलावून घेतलं. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या रडल्या. मला फार बरं वाटलं.

काकू गेल्या त्या दिवशी अंगणात आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. माणसं खोळंबली होती आणि कुणाला तरी घाई झालीच होती. "उचला लवकर, ऊन होऊन राह्यलं." मुलगा आईजवळ वाकला. त्याचे हात मध्येच थांबले.

"आई, आंघोळीले नेतो तुले. हात लावू?"

"आता कायले विचारतं?" मागून कुणीतरी खेकसलं.

त्याने वळूनही पाहिलं नाही. आईच्या तोंडाकडे बघत तो थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग त्याने तिला उचललं.