डॉक्टरांची खुंटी

शहरातल्या बँडवाल्यांचा देवावर विश्वास असेल-नसेल, डॉक्टरांवर होता. हे डॉक्टर म्हणजे जिन्याखालच्या खोलीत पितळी वाद्यांचे पोचे काढणारे, सांध्यांना डाख लावणारे कारागीर. कुणी वाद्य आणलं की ते कानाशी नेत, 'हूं' म्हणत आणि खुंटीला टांगत. एवढ्यानेच निम्मा आजार पळे.

ट्रंपेटवाले मास्तर अठरा वर्षं त्यांच्याकडे जात. बँडमधली पहिली, म्हणजे मुख्य वादकाची खुर्ची त्यांची. "वरचा सूर जरा घोगरा वाटतोय," म्हणायचं, आठवड्याने जायचं, तिथेच फुंकून बघायचं आणि म्हणायचं, "डॉक्टर, जादू आहे हो तुमच्या हातात!" डॉक्टर लाजत. विनय असेल, असं सगळ्यांना वाटे.

यंदा मात्र भर कार्यक्रमात वरचा सूर फाटला. एकदा नव्हे, तीनदा. तीनदा ट्रंपेट खुंटीला लागला आणि 'ठणठणीत' म्हणून परत आला. बाजा ठणठणीत, म्हणजे ओठच थकले. कुणी सुचवायच्या आत मास्तर आपणहून तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

चौथ्या खेपेला मास्तर ट्रंपेट परत न्यायला गेले, तेव्हा डॉक्टर बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने ट्रंपेट काढून दिला.

"घ्या भावजी. तुमचा बाजा मी फार जपते हो. इथे असला की रोज पुसते. यांनी कधी हात लावलाय त्याला?"

मास्तर घरी आले. ट्रंपेटच्या रुंद तोंडात नातवाचा रबरी चेंडू घट्ट बसवला, ट्रंपेट बादलीत बुडवला आणि फुंकला. वळणाच्या सांध्यातून बुडबुडे वर आले. टपोरे, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली हजर.

"अठरा वर्षं काय केलंत, डॉक्टर?"

"मास्तर, तुमचा कान जरा हळवा. पहिल्यांदा आलात तेव्हा बिघाड नव्हताच. नुसता टांगून परत दिला, तर तुम्ही जादू म्हणालात. मग मी कशाला मोडता घालू?"

"आणि यंदा?"

"मला वाटलं, नेहमीचंच."

"मला वाटलं, ओठ गेले. खुर्ची सोडली मी. तिथे आता दुसरा बसतो."

डॉक्टरांनी मान खाली घालून बर्नर पेटवला. दहा मिनिटांत डाख लागला. हातात खरंच जादू होती, हे सगळ्यात वाईट.

"वाजवून बघा."

मास्तरांनी खिशातून चेंडू काढला.

"वहिनी," त्यांनी आत हाक मारली, "एक बादली पाणी देता?"