दाजींनंतर मी दिलेले दोन पीळ

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी नंबर बघितला. अनोळखी. "कोण बोलतंय? कुठून?" असं दोन-तीनदा दरडावून विचारलं आणि फोन कापून थेट अक्काला लावला. तिच्या रडण्यावरूनच काय ते कळलं... महिना झाला त्याला. मरणाच्या निरोपावरही संशय घेणारा माणूस मी. अहमदपूरच्या मोंढ्यात धान्याची आडत करतो; पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याशिवाय मला चैन पडत न्हाई.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर बसलं, तेव्हापासून कुणाकडंही गेले की आधी भिंतीला तळहात लावायचे, मगच चहा. मला वाटायचं, आमचं बांधकाम तपासतात. एकदा तोंडावर बोललो. "भिंत बघतो हो बालाजीराव, तुमची ऐपत न्हाई," म्हणाले आणि हसले. मला ते हसणंही खरं वाटलं न्हाई.

माझ्या मीनलची मेडिकलची प्रवेशपरीक्षा लातुरात होती आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीचा इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, नॉक सेन्सर गेला. इंजिन आतून ठोके द्यायला लागलं की ते ओळखणारा हा बारका भाग. मला वाटलं, हा लुटतोय. दाजी म्हणाले, "मी येतो, घरीच बदलू." आता फळ्यावर शिकवणारा माणूस बोनटमध्ये काय दिवे लावणार?

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी आले. इंजिन पार थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आधी वायर तपासली, ती धड होती. जुना सेन्सर काढला तर खाली कुणीतरी वायसर घातलेला. तो फेकून दिला, बसायची जागा फडक्यानं लख्ख पुसली. "मधी काही नको, हा इंजिनला चिकटूनच बसला पाहिजे." मग नवा बसवून टॉर्कच्या पान्यानं बोल्ट आवळला, ठरलेला जोर झाला, पाना 'टक्' बोलला, तसे थांबले.

"बस? अजून एक पीळ द्या की!"

"न्हाई. जास्त आवळला तर त्याला नसलेले ठोके ऐकू येतात."

गाडी चालू केली, दिवा गेला. जेवून ते लातूरला निघाले. ते वळणावरून दिसेनासे होताच मी माझा पाना आणला आणि दोन पीळ दिले. लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या वाटेवर चाकूर सोडलं आणि दिवा पेटला. नसलेल्या ठोक्यांना भिऊन इंजिनानं जोर सोडला, चढावर गाडी ओढेचना. ट्रक पुढं जायला लागले, मीनल हॉलतिकीट छातीशी धरून रडायला लागली. गेट बंद व्हायच्या बेतात पोचलो. ती आत पळाली आणि मी दाजींना फोन करून ओरडलो, "तुमच्यापायी पोरीचं वर्ष गेलं असतं!"

पेपर सुटला तेव्हा ते अक्काला घेऊन आले. बोल्टला पाना लावला, तर हालेना. सगळा जोर लावल्यावर करकरत सुटला. त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग मीनलला म्हणाले, "माझ्याकडूनच जास्त आवळला गेला गं. माफ कर." आणि मी... मी गप्प उभा राहिलो. शरम वाटते आज.

त्यानंतर मी त्यांच्यावरच पाळत ठेवली. कुणाच्या कानाशी लागले की वाटायचं, माझंच सांगतायत. कधी वाटायचं, त्यांना कळलंच नसेल. दर भाऊबीजेला सांगायचं ठरवायचो आणि फराळ खाऊन परत यायचो. मीनल आता डॉक्टर आहे. बापाचा प्रताप तिला आज हे वाचूनच कळेल.

तेराव्यानंतर अक्का त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर केली न्हाई.

"ठाऊक हाय. त्याच दिवशी बोलले होते."

"मग मला का न्हाई बोललीस?"

"म्हणले, पोरीपुढं बापाची मान खाली नको. बालाजी आपणहून सांगेल." तिनं घडी बाजूला ठेवली. "दर भाऊबीजेला तू गेलास की विचारायचे... काही बोलला का गं?"